नावाआधी काही लिहू नको

अणिमादींची आणि माझी ओळख माझ्या जपाच्या वहीमुळे झाली.

मी रोज रामनामाची पाच पानं लिहिते. मिरजेला असताना आईनं लावलेली ही सवय लग्नानंतर माझ्याबरोबर लीड्सला आली. घरी जमलं नाही तर बसमध्ये लिहिते, डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत लिहिते. २००४च्या जानेवारीत जीपीच्या सर्जरीत, म्हणजे आमच्या डॉक्टरच्या दवाखान्यात, अशीच लिहीत बसले होते. शेजारी एक बाई येऊन बसल्या. उंच, सडसडीत, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, अंगात करडा ओव्हरकोट. उजवा हात कोटाच्या खिशात, आणि तो खिसा आतून सारखा हलत होता.

"न थांबता किती वेळ लिहू शकतेस?" त्यांनी हिंदीत विचारलं. नमस्कार नाही, नाव सांगणं नाही.

"तास-दीड तास. का हो?"

"काय लिहितेस?"

"देवाचं नाव."

"तेच तेच?"

"तेच तेच."

त्यांनी माझी वही डाव्या हातानं आपल्याकडे ओढली, दोन पानं उलटली. "सगळ्या ओळी सारख्या आहेत. कंटाळत नाहीस. माझ्याकडे एक कादंबरी आहे. ती डोक्यात आहे आणि हात गेलाय. येशील का लिहायला?"

मला आधी वाटलं, बाईंचं डोकंच जरा सरकलंय. पण तेवढ्यात नर्सनं "मिसेस सान्याल" म्हणून हाक मारली आणि त्या उठताना मी पाहिलं, उठायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "उठवायला नको आहे, लिहायला हवी आहे."

दुसऱ्या दिवशी मी गेले. का गेले, ते अजून सांगता येत नाही. एका शाळेच्या किचनमध्ये मी डिनर लेडी, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढणारी, होते, दोनला सुटायचे. मुलगा मिल्टन कीन्सला नोकरीला लागला होता. वेळ होता, एवढं खरं.

अणिमा सान्याल मूळच्या कोलकात्याच्या, १९७५ साली लीड्सला आल्या. नवरा ड्राफ्ट्समन होता, तो नव्व्याण्णव साली गेला. मूलबाळ नाही. त्यांनी स्वतः सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासल्या. कंपवात झाल्यावर नोकरी सुटली. लाल विटांच्या ओळीतलं शेवटचं घर त्यांचं. सकाळ-संध्याकाळ कौन्सिलची केअरर येऊन अंघोळ-जेवण बघून जाई. बाकी वेळ त्या, त्यांचा चाकांचा वॉकर आणि डोक्यातली कादंबरी.

"पण मला बंगाली येत नाही," मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"ऐकू येतं ना? ऐकू येईल ते तुझ्या लिपीत लिही."

"मला अर्थ नाही कळणार."

"बरंच आहे. मग मधेमधे सल्ले देणार नाहीस."

अशी आमची गाडी सुरू झाली. मंगळवार आणि शुक्रवार, अडीच ते चार. त्या बंगालीत सांगत, मी देवनागरीत उतरवून घेई. वाक्य संपलं की त्या टेबलावर एक टिचकी मारत, म्हणजे पूर्णविराम. पण हात आपोआपच थरथरायचा, त्यामुळे मी भलत्याच ठिकाणी पूर्णविराम देऊन बसायचे. मग त्यांनी टिचकी सोडली आणि पाय आपटायला सुरुवात केली. पाय अजून ऐकत होता.

नवीन पान घेतलं की वर मधोमध 'श्री' लिहायची मला सवय. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या ते लक्षात आलं. शाळेत संस्कृत होतं, त्यामुळे देवनागरी त्या अक्षर लावून वाचायच्या.

"माझ्या कादंबरीत कुणीच देव मानत नाही. ते वरचं काढ."

"ते कादंबरीसाठी नाहीये, माझ्या हातासाठी आहे."

"त्यानं हात थांबत नाही?"

"नाही थांबत."

त्यांनी क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "राहू दे मग," म्हणाल्या.

आमचे हे, गिरीश, रोज संध्याकाळी विचारायचे, "काय कॉम्रेड, आज पोळ्या होणार की क्रांती?" मी म्हणायचे, "आधी पोळ्या. तुम्ही कांदा चिरा." पण खरं सांगायचं तर तिसऱ्या वहीपासून मला बंगाली कळायला लागलं होतं. कुणी शिकवलं नाही. कणीक मळता मळता वाक्यं डोक्यात घोळत, आणि अचानक एखाद्याचा अर्थ लागे.

गोष्ट होती एकाहत्तर सालच्या कोलकात्याची. रेणू नावाची शाळामास्तरीण, तिची आई, आणि कॉलेज सोडून नक्षल चळवळीत गेलेला धाकटा भाऊ अलक. रात्री भिंतींवर घोषणा लिहिणारी मुलं, दिवसा रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या, कुणाच्या घरी कुणी यावं-जावं याचीही धास्ती. रेणूला भावाचं राजकारण पटत नाही आणि पोलिसांचं वागणंही सहन होत नाही. तिच्या पगारावर घर चाललंय. स्थळं येतात आणि भावाचं नाव कळलं की परत जातात. एका पहाटे दार वाजतं. दूधवाला समजून आई कडी काढते. पोलीस अलकला घेऊन जातात, तो परत येत नाही. मग रेणू या ठाण्यातून त्या ठाण्यात, या तुरुंगातून त्या तुरुंगात हिंडते. पिशवीत त्याचा फोटो आणि एक इस्त्रीचा सदरा. सुटला तर त्याला घालायला. सदरा महिन्यातून एकदा धुऊन पुन्हा इस्त्री करते.

तो सदऱ्याचा भाग सांगताना त्या थांबल्या नाहीत. मीच थांबले.

"रेणू म्हणजे तुम्हीच ना?"

"लेखकाला असं विचारू नये."

"मी लेखकाला नाही विचारत. तुम्हाला विचारतेय."

"लिही," त्या म्हणाल्या आणि पाय आपटला.

नंतर हळूहळू कळलं. भावाचं नाव सुबीर, घरातलं नाव बुलू. चौतीस वर्षं झाली, ना माणूस ना खबर.

पंचवीस पानांमागे एखादं पान त्या पुन्हा लिहून घेत. तेवढं सोडलं तर काम सरळ चाललं होतं. पण आवाज उतरायला लागला. हा आजार हातावर थांबत नाही, गळ्यातही उतरतो. आधी मी टेबलापलीकडे बसायचे, मग शेजारी, मग खुर्ची अगदी त्यांच्या खुर्चीला लावून. हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्टनं त्यांना सांगितलं, की रोज एखादं वाक्य पोटातून जोर लावून दहा वेळा म्हणायचं. कुठलंही चालेल. त्या पोरीला वाटलं असेल, बाई 'गुड मॉर्निंग' म्हणतील. अणिमादींनी त्यांच्या तरुणपणच्या मोर्च्यातली घोषणा निवडली. "जोबाब चाई!" जबाब हवा. रोज सकाळी दहा वेळा. शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज बाई भिंतीवर काठी ठोकायच्या.

"ती ठोकते म्हणजे आवाज पोचतोय," अणिमादी खूश व्हायच्या. "ज्या दिवशी ठोकणार नाही, त्या दिवशी घाई करायची."

२००५च्या मेमध्ये म्हातारीचं ठोकणं बंद झालं.

तेरा वह्या भरून चौदावी सुरू होती. राहिला होता फक्त शेवट, आणि शेवटच येत नव्हता. एकदा त्यांनी अलकला परत आणलं, दोन पानं सांगितली आणि म्हणाल्या, "काट." दुसऱ्यांदा नदीकाठी प्रेत सापडलं. "काट." तिसऱ्यांदा रेणू सगळं सोडून परदेशी निघाली. तेही काटलं. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा बारीक. मला रोज एकच भीती, की चौदा वह्या व्हायच्या आणि शेवटचं पान त्यांच्या गळ्यातच राहायचं. मी देवापाशी तेवढंच मागत होते. दुसऱ्या कुणासाठी मी आवाज मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि अशात मी घोटाळा केला.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी घरी बसून पहिल्या वहीच्या आधी लावायला एक पान केलं. अर्पणपत्रिका. आपल्याकडे पुस्तकात असते तशी. शाळेतल्या आर्टच्या टीचरकडून जाड कागद आणला, काळ्या शाईनं सुबक अक्षरात लिहिलं: 'कै. सुबीर यास'. भोवती वेलबुट्टी काढली. शुक्रवारी त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी अक्षरं लावली. "हे काय? नावाच्या आधीचं?"

"कै. म्हणजे कैलासवासी," मी म्हणाले. "गेलेल्या माणसाच्या नावाआधी आम्ही लिहितो."

कागद त्यांच्या हातात फडफडत होता. मग बारीक आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "माझ्या आईनं बारा वर्षं वाट पाहिली. बारा वर्षं माणूस आला नाही की तो गेला असं धरतात, तुमच्यातही असेल. त्र्याऐंशी साली तिनं भटजी बोलावला. दर्भाचा माणूस केला, त्याला सुबीरचं नाव दिलं आणि जाळला. मला पत्र आलं. लग्न झालेली बहीण आहेस, तीन दिवस सुतक पाळ, मासे खाऊ नकोस."

"मग?"

"मी तीन दिवस हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जाऊन फिश अँड चिप्स खाल्ले. मला ते आवडत नाहीत. तेलकट असतात. तरी तिन्ही दिवस शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ले. चौथ्या दिवशी आईला लिहिलं, मी मासे खाल्ले." त्यांनी श्वास घेतला. "ज्यानं नेला त्यानं सांगावं तो मेला म्हणून. तू कोण सांगणारी? जा तू आता."

मी कागद उचलला आणि निघाले. मी गुरुवारचा उपास करणारी, कुणाच्या मृत्यूची तिथी चुकली तर रुखरुख लागणारी बाई. मला त्या वेळी, खरं सांगते, रागच आला होता. इतक्या वर्षांनी माणूस कुठून येणार? श्राद्ध नाही, पाणी नाही, त्या जिवानं कुठं जायचं? घरी येऊन मी ह्यांना म्हणाले, "हट्टी बाई आहे." हे म्हणाले, "आणि तू?"

पाच-सहा आठवडे मी गेले नाही. त्यांनीही बोलावलं नाही. जप लिहायला बसले की पेन चाले, मन नाही.

जुलैच्या सात तारखेला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. दोन-तीन दिवसांत लोक आमच्यासारख्या गव्हाळ माणसांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. शाळेत एका आईनं आपल्या मुलाला माझ्या काउंटरवरून हळूच दुसऱ्या काउंटरवर नेलं. मी बीन्स वाढत होते. बसमध्ये पिशवी मांडीवर उघडी ठेवून बसायला लागले, कुणाला संशय नको म्हणून.

सोमवारी, अकरा तारखेला, संध्याकाळी फोन वाजला. उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मी ठेवणार होते. तेवढ्यात अगदी लांबून आल्यासारखं ऐकू आलं, "जोबाब चाई." परत एकदा. मग फोन बंद.

मंगळवारी मी शाळेतून सरळ त्यांच्याकडे निघाले. बस दोन स्टॉप आधीच थांबवली होती, रस्त्यावर पोलिसांच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर हेलिकॉप्टर. मी मागच्या गल्लीतून चालत गेले. किल्ली कुंडीखाली असते, मला माहीत होतं. अणिमादी खुर्चीत बसल्या होत्या. समोर टेबलावर चौदा वह्या आणि टोपण काढून ठेवलेलं पेन. महिन्याभरात गाल आत गेले होते.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते समजलं नाही. ओठांशी कान नेला तर म्हणाल्या, "बस. लेखो." लिही.

मी 'श्री' लिहिलं आणि दारावर थाप पडली.

आधी साधी, मग जोरात. "पोलीस! आत कोणी आहे का?"

मी उठले. अणिमादींनी माझं मनगट धरलं. वर्षभर ज्या हाताला कप धरता येत नव्हता, त्या हातानं. मनगटावर नंतर तीन दिवस वळ होते.

"उघडू नको."

"अहो, पोलीस आहेत. इथले आहेत."

"दोरजा आमि खुलेछिलाम," त्या म्हणाल्या.

हे बंगाली समजायला मला वेळ लागला नाही. दार मी उघडलं होतं.

पहिल्या वहीतली ती पहाट मी माझ्या हातानं लिहिली होती. दूधवाला समजून आई कडी काढते. आई नव्हती ती. आई झोपलेली होती. कडी पंचवीस वर्षांच्या अणिमानं काढली होती. भाऊ मागच्या भिंतीवरून जाऊ शकला असता, थोडा वेळ मिळाला असता तर. त्यांनी हे एवढं सलग सांगितलं नाही. तुकडे सांगितले, आणि बाहेरची थाप मधेमधे चालू होती.

"दूधवाला तीन वेळा ठोकायचा," त्या म्हणाल्या. "त्यांनी दोनदाच ठोकलं. मी मोजलं होतं. तरी उघडलं."

"घरात कोणी आहे का? लव्ह, घर रिकामं करायचं आहे!" बाहेरून आवाज आला. लीड्सकडे अनोळखी बाईलाही 'लव्ह' म्हणूनच हाक मारतात.

मी म्हणाले, "मी जाते, तुम्ही बसा."

"नाही." त्यांनी वॉकर ओढला. "तू नको. मी उघडते."

पहिल्यांदा उठता आलं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला नाही. खोली ते दार पंधरा पावलं असतील. त्यांचे पाय मधेच जमिनीला खिळत, मग त्या स्वतःशीच आकडे मोजत आणि पुन्हा सुटत. बाहेर ठोकणं चालू होतं. मी खिडकीतून ओरडले, "येतायत! थांबा!" कडीपाशी पोचल्यावर त्यांचा हात इतका हलत होता की कडी खडखडली. पण काढली त्यांनीच.

दारात एक तरुण पोलीस, घामाघूम. बॉम्बस्फोटांच्या तपासात शेजारच्या गल्लीतल्या एका घराची झडती चालू होती, त्यामुळे आजूबाजूची सगळी घरं रिकामी करत होते. तो नम्रपणे बोलला. पाच मिनिटांत निघायचं, औषधं घ्यायची, बाकी काही नको. अणिमादींनी वह्यांकडे बोट केलं. मी बाजाराच्या चाकांच्या पिशवीत चौदाच्या चौदा वह्या भरल्या.

दारात त्यानं मला थांबवलं. "पिशवीत काय आहे, लव्ह?"

त्यानं एक वही काढून उघडली. परकी लिपी, पानंच्या पानं, वर प्रत्येक पानावर तेच एक अक्षर. त्या आठवड्यात, त्या रस्त्यावर, आणि पिशवी धरून मी उभी, गव्हाळ रंगाची. त्यानं दुसरी वही काढली. त्याच्या मागच्या पोलिसानंही मान वळवली.

तेव्हा अणिमादी बोलल्या. थेरपिस्टनं शिकवल्यासारख्या, पोटातून, इंग्रजीत. इतका आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. "ती कादंबरी आहे. अजून पुरी झालेली नाही. आम्हाला उशीर होतोय."

त्या तरुण पोलिसानं वह्या नीट पिशवीत ठेवल्या, वरून झाकण लावलं आणि पिशवी स्वतः पायऱ्यांवरून उतरवून दिली. "शेवट गोड असू दे," म्हणाला.

"तसं वाटत नाही," अणिमादी म्हणाल्या.

आम्हाला सगळ्यांना स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये नेलं. बॅडमिंटनच्या रेषांवर खुर्च्या मांडलेल्या. विद्यार्थी, म्हातारी माणसं, एका बाईच्या मांडीवर पिंजऱ्यातला ससा. कौन्सिलची माणसं चहा देत होती. शेजारच्या त्या काठीवाल्या इंग्रज बाईही होत्या. अणिमादींना बघून म्हणाल्या, "तुमचं सकाळचं ओरडणं ऐकू येईनासं झालं, मला वाटलं तुम्ही गेलात की काय."

आम्ही भिंतीकडेला बसलो. मी म्हणाले, "पहिली वही बदलूया. आईच्या जागी रेणू घालते, तुम्ही फक्त मान हलवा."

त्यांनी नाही म्हटलं. पहिली वही बदलली की पुढच्या तेरा बदलायला हव्यात, आईचं दुखणं, तिचं स्वतःला बोल लावणं, सगळंच. तेवढा आवाज त्यांच्यात उरला नव्हता, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मग माझी मान जवळ ओढली आणि सांगायला लागल्या.

मी माझा कान त्यांच्या ओठांना लावून लिहीत होते, वाकडी बसून, वही गुडघ्यावर. हॉलमध्ये मुलं चेंडू खेळत होती. एकेक शब्द येई, कधी दोन. शेवटच्या प्रकरणात रेणू म्हातारी झालेली आहे आणि ती वाचणाऱ्यांना सांगते, की इतकी पानं मी तुम्हाला खोटं सांगत आले. आईनं कडी काढलीच नव्हती. आई तो आळ डोक्यावर घेऊन मेली, कारण मी तिला घेऊ दिला. कडी मी काढली. आता तुम्ही मागे जा आणि ती पहाट पुन्हा वाचा.

संध्याकाळचे सात वाजून गेले होते. त्यांनी पाय आपटला. बॅडमिंटन कोर्टाच्या लाकडावर चांगला आवाज झाला.

"संपलं?" मी विचारलं.

त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं, आणि चहा मागितला.

त्यानंतरचं काम माझं. चौदा वह्या अशा, की मराठी माणसाला वाचता येतील पण कळणार नाहीत, आणि कोलकात्यात कळतील पण वाचणार कोण? अणिमादींचा माहेरकडचा भाचा अनिंद्य तिथे एका प्रेसमध्ये होता. मी सगळी कादंबरी कॅसेटवर मोठ्यानं वाचली, एकतीस कॅसेट भरल्या. तो ऐकून टाइप करे. एकदा फोनवर म्हणाला, "काकू, तुमचं बंगाली रेडिओच्या बातम्यांसारखं वाटतं. फक्त स्टेशन कुठलं ते ओळखू येत नाही." अणिमादींना हे सांगितल्यावर त्या आवाज न करता खूप वेळ हसल्या.

तोपर्यंत त्या नर्सिंग होममध्ये, आजारी म्हाताऱ्यांना कायमचं सांभाळतात तिथे, गेल्या होत्या. आवाज जवळजवळ गेलाच होता. अर्पणपत्रिकेचं मी एक दिवस भीतभीतच विचारलं. "नावाआधी काय लिहू? श्री लिहू?" जिवंत माणसाला आम्ही श्री लिहितो, हे मी सांगितलं.

त्या कानाशी म्हणाल्या, "मला माहीत नाही. नावाआधी काही लिहू नको."

कॅसेटवर मी तसंच वाचलं. सुबीर, एवढंच.

२००७च्या एप्रिलमध्ये पार्सल आलं. पंचवीस प्रती. मी खोकं घेऊन सरळ होममध्ये गेले, त्यांच्या पलंगावरच फोडलं. निळं कव्हर, नव्या शाईचा वास. अणिमादींनी पहिलं पान उघडायची खूण केली. मी उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहिला.

नावाच्या आधी एक बारीकशी खूण होती. चंद्रकोर आणि वर टिंब. बंगालीत गेलेल्या माणसाच्या नावाआधी ही खूण काढतात, जसं आपण कै. लिहितो. बिचाऱ्या अनिंद्यनं मुद्दाम केलं नव्हतं. त्याच्या घरी त्र्याऐंशी साली श्राद्ध झालेलं, तो असंच लिहीत मोठा झालेला. माझ्यासारखंच.

मी म्हणाले, "अणिमादी, बारीक आहे हो. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

त्यांनी पलंगाच्या कडेवर बोटं आपटली. एकदा. पुन्हा एकदा. मी कोट घातला, समोरच्या दुकानातून टिपेक्सची, म्हणजे खोडायच्या पांढऱ्या शाईची, बाटली आणली, आणि खुर्ची ओढून बसले. पहिली प्रत उघडली, ब्रशचं टोक टेकवलं, खूण पुसली. फुंकर मारली, वाळू दिलं. दुसरी उघडली. बाटलीचा वास खोलीभर झाला. नर्स आत डोकावून म्हणाली, "हे काय चाललंय?" मी म्हणाले, "करेक्शन." एका प्रतीत टिंब थोडं दिसत राहिलं होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं, पण त्यांनी बोट आपटलं. मी परत लावलं.

चोवीस झाल्या. पंचविसावी मी उघडली तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

मी ब्रश दिला. त्यांचा हात पानावर आला आणि पांढरे ठिपके सगळीकडे उडाले, कव्हरवर, चादरीवर, माझ्या बाहीवर. मी मनगट धरलं नाही. पाव तास तरी लागला असेल. सुबीरमधलं अर्धं पहिलं अक्षर पांढऱ्याखाली गेलं. पण नावाच्या आधीची जागा पार कोरी झाली.

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. ओठ हलले, आवाज नव्हता, तरी मला कळलं. होये गेलो. झालं.

ती प्रत त्यांनी मला दिली. ती माझ्या देवघराखालच्या फळीवर असते, जपाच्या वह्यांशेजारी. देवाला ती चालते की नाही, मी विचारलेलं नाही.